खोक्यांची बाई

मंगळवार, राहनाळ

डोकं अजून तापलंय. गोडाऊनच्या फाटक्या खोक्यांची मी बाई बनवली, मान वाकवून पॅकिंगला बसलेली, तिला आज माल चढवणाऱ्या सलीमभाईंनी चक्क ट्रकमध्ये चढवलं! चूक माझीच? साडी म्हणून तिला जुनी पार्सल-लेबलं मीच चिकटवली होती. "लेबल दिखा तो चढा दिया, भाई, मैं क्या करता?"

आरडाओरडा करून उतरवली. सुपरवायझर म्हणाला, "ही भंगारात टाक, न्हायतर तू घरी जा." म्हटलं, जातो! आर्ट कॉलेजही असंच एका दमात सोडलं होतं. पण ती मान... अशी मान कॉलेजात कधी जमली नव्हती. काम चांगलं झालंय, मला माहितीय.

मान रेश्माची आहे. ती समोरच्या टेबलावर पॅकिंग करते, मी दिवसभर तेच बघतो. कुणाला बोललो नव्हतो. आज ती उठली, मूर्तीभोवती फिरली. "एवढी वाकते मी?" मग सगळ्यांदेखत म्हणाली, "बघतोस काय? डोकं तू धर, पाय मी धरते."

वॉचमनकाकांनी अडवलं. "ह्ये काय हाय?"

रेश्मा म्हणाली, "मी हाय, काका. गेट उघडा."