काळी चार

१२ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठमे,

तू सुखरूप पोचल्याचं जावईबापूंकडून कळलं. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला, पण नळवाल्याने फरशी फोडून ठेवली. तुझा निळा स्वेटर दारामागेच राहिलाय. बोटांचे सांधे आहेत तसेच, म्हणून अक्षर असं.

काल पेटीवाले या हिवाळ्यात पहिल्यांदाच तालमीला आले होते. शनिवारी गुरुमाईंच्या स्मृतीची बैठक, हे तुला सांगायला नको. मी तानपुरा छेडला, त्यांनी माझी नेहमीची पट्टी, काळी चार, धरली, आणि खोलीत मांजरं भांडावीत तसं झालं.

"बाई, तानपुरा उतरलाय."

"उतरायला तो काय ताप आहे? माझी लेक हिवाळाभर रोज लावत होती. तुमची पेटी दाखवून आणा."

त्यांनी बोट खाली सरकवलं. काळी तीन. सूर तंतोतंत मिळाला.

चारही तारा एकमेकींशी चोख जुळलेल्या होत्या. आपसूक उतरलेला तानपुरा असा उतरत नाही. खुंट्या मला पिळवत नाहीत. हात फक्त तुझा. रोज केसभर उतरवत गेलीस, होय ना? आणि इतके दिवस न लागणारा वरचा षड्ज लागला त्या दिवशी तोंड वर करून म्हणालीस, "आई, आवाज परत आला गं!" मी खुळी, नव्या काढ्याचं कौतुक जगभर सांगत सुटले.

गुरुमाईंनी दिलेली पट्टी मी कधी सोडली नाही, शिष्यांनाही सोडू दिली नाही. म्हणून तानपुरा बाजूला ठेवून हट्टाने काळी चारवर गाऊन पाहिलं. पंचमापर्यंत ठीक. पुढचं लिहीत नाही. पेटीवाले खिडकीबाहेर बघत बसले, एवढ्यावरून समज.

मग त्यांनी पुन्हा काळी तीन धरली. तीच चीज घेतली. षड्ज लागला, ठमे. टिकलाही. ठेका द्यायला कोणी नव्हतं, तरी समेवर अलगद आले. गुरुमाई रागावल्या असत्या की डोळे मिटून ऐकत बसल्या असत्या, मला अजून कळत नाही.

तुला हा अधिकार नव्हता. विचारलं असतंस तर मी गाणंच बंद केलं असतं, हे तुला ठाऊक होतं. त्याचाच जास्त राग आहे.

शनिवारी मी काळी तीनवर गाणार. आधी सगळ्यांना सांगून. तू शुक्रवारच्या गाडीने ये. तानपुरा तूच लावायचा, माझ्यादेखत, आणि माझ्या मागे बसायचं.

आशीर्वाद आल्यावर देईन. आत्ता लिहवत नाही.

तुझी,
आई