तिसऱ्या गावाचा वाटा

लातूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

तुला आणि गुणाबाई वहिनीला नमस्कार. शिवांगीच्या पाठीवरून माझा हात फिरव. तुम्ही सगळे बरे असाल. वर लातूर बघून बिचकू नकोस. एका कामासाठी आलेय, शाळेतून रजा घेतली आहे. इथं ऊन आत्तापासूनच चटके देतंय. हरभरा काढणीला आला असेल ना? तूर विकलीस की अजून भाव बघून राहिलास?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. दादा, तू माझा फोन उचलत नाहीस. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेनंतर तू जो अबोला धरलास तो धरलासच. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, ताटात साडी ठेवलीस, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. आणि एखाद्या वेळी उचललास तरी मध्येच "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून हे लिहून दगडोबाच्या हाती पाठवतेय. दर शनिवारी आपल्या शाळेच्या कामाला जीप लावतो तोच दगडोबा. आत काय लिहिलंय हे त्याला माहीत नाही. तू सावकाश वाच, एकट्यानं वाच.

आधी शाळेचं सांगते.

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातून हवालदार महामाया सोनकांबळे माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, वर्षातून एकदा येऊन नशामुक्तीचं भाषण ठोकायचं आणि हार घालून घेऊन जायचं, हे मी लई केलं. त्यानं काही होत न्हाई. मला दर शनिवारी तास द्या. माझा वेळ खातं देईल. पण गाडी खातं देणार न्हाई, आणि महिन्यातून एकदा नांदेडहून समुपदेशक बाई आणायच्या तर त्यांचं मानधन कुठून द्यायचं?"

आपल्या हायस्कूलला तीन गावांची मुलं येतात, तेव्हा तीन ग्रामपंचायतींनी हा खर्च सारखा वाटून घ्यावा, असा प्रस्ताव मुख्याध्यापक म्हणून मीच मांडला. पिंपळदरीनं, म्हणजे शाळेच्या गावानं, होकार दिला. खडकवाडीनं दिला. राहिलं आपलं गाव, आणि आपल्या गावचा सरपंच तू. तू भर ग्रामसभेत उभा राहून म्हणालास, "आमच्या गावात असलं काही न्हाई. पोलिसांची गाडी शाळेत येऊन उभी राहिली की गावाचं नाव खराब होतं. उद्या पोरींची लग्नं जमायची न्हाईत. आमचा वाटा मिळणार न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझी सख्खी बहीण, समोर खुर्चीत बसले होते.

तेव्हा मी चिडले होते. आता नाही. तू गावाची इज्जत राखत होतास. वडिलांनीही आयुष्यभर तेच केलं. गावात भांडण झालं तरी ठाण्याची पायरी कुणाला चढू दिली नाही त्यांनी. ते तुझ्यात आलंय, हे मला कळतं.

त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. आमची शाळेत बैठक झाली. पिंपळदरीचे सरपंच संगप्पा म्हणाले, "पैसे दोन गावांनी द्यायचे, आन् बसणार तीन गावांची पोरं? ज्यांनी वाटा दिला न्हाई त्यांची पोरं त्या तासाला मैदानात जाऊ द्या. खेळतील." दादा, खोटं कशाला सांगू, व्यवहाराला धरूनच होतं ते.

उत्तर दिलं खडकवाडीच्या उमाबाईंनी. त्या नावाच्या सरपंच, कारभार नवरा बघतो, असं म्हणून आपण हसायचो ना? त्या दिवशी नवरा शेजारी बसलेला असताना त्या बोलल्या.

"पोलिओचा डोस पाजताना इचारलं होतं का, लेकरू कोण्या गावचं हाय म्हणून? एका गावाला सोडलं तर ते तिथून समद्यांना लागंल. त्यांचा वाटा अर्धा आमची वाडी उचलती. अर्धा तुमी उचला. लेकरं समदी आत बसतील."

खडकवाडी केवढीशी! होळी झाली की टँकरची वाट बघणारी वस्ती. संगप्पांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हाव. बसू द्या समद्यांना." तुला कळवू नका, असंही उमाबाईंनीच बजावलं. म्हणाल्या, "भाऊंना उपकार केल्यावानी वाटंल." म्हणून मी इतके दिवस बोलले नाही.

तर तेव्हापासून शनिवारच्या सकाळच्या शाळेत महामायाबाईंचा तास होतो. मला वाटलं होतं, सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवून मुलांना घाबरवतील. पहिल्या दिवशी त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी आज कुणाला पकडायला आले न्हाई." दहावीतल्या एका पोरानं मागून विचारलं, "मॅडम, ठाण्यात नशेवाल्याला मारतेत का?" आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघायला लागलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मार खाताना लई जणांना बघितलंय मी. मारानं नशा सुटलेला एक बी बघितला न्हाई."

त्या दिवसापासून पोरं त्यांची झाली. एकदा दगडोबाची जीप बिघडली, तर बाई एसटीनं फाट्यावर उतरून उन्हात चालत आल्या आणि आल्या आल्या फळ्याकडे गेल्या. फार सोपं शिकवतात. घरातलं माणूस नशेला लागलं तर ते चोर झालेलं नाही, आजारी झालंय. गोळ्या सापडल्या तर परस्पर फेकू नका, ओरडाआरडा करू नका. रोज घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर झटके येतात, म्हणून आधी डॉक्टर. आणि गप्प बसू नका. "मला सांगायची भीती वाटत असेल तर ज्या एका मोठ्या माणसावर तुमचा भरवसा हाय, त्याला सांगा. ही चुगली न्हाई." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की पोरं त्यांची नक्कल करायची.

आपली शिवांगी पहिल्या बाकावर बसायची. एवढी बडबडी पोर, पण त्या तासाला कधी प्रश्न विचारला नाही. नुसती ऐकायची.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून बाहेर चहा पिऊन आले. पुढचं लिहायला हात होत नव्हता.

दादा, उभा असशील तर बस. आधी हे वाच की तुझा रामलिंग सुखरूप आहे. माझ्यासमोर खाटेवर झोपलाय, श्वास संथ चाललाय. मी लातूरला त्याच्यासाठीच आलेय. तो क्लासच्या खोलीवर नाही, दवाखान्यात आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय लागली होती त्याला. उपचार चालू आहेत आणि डॉक्टर म्हणतात, पोरगा यातून बाहेर येईल.

संक्रांतीला तो घरी आला होता, आठवतं? दिवसभर झोपून होता. उठला की जीभ जड, बोलताना शब्द अडकायचे. शिवांगी सांगते, तू वहिनीला म्हणालास, "रातभर अभ्यास करून राहिलंय पोरगं, झोपू द्या त्याला." मोबाईल गोळ्यांपायी विकला आणि चोरीला गेला म्हणाला, तेही तू मानलंस. तुझ्या जागी मीही मानलं असतं. डॉक्टर होण्यासाठी दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेलं पोर, त्याच्यावर संशय कोण घेईल?

शिवांगीनं त्याचं जाकीट धुवायला घेतलं आणि आतल्या खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. एक नाही, मूठभर. ती कुणाशी बोलली नाही. पुढच्या शनिवारी तास संपल्यावर माझ्या ऑफिसात आली, दार लोटलं आणि पाकिटं टेबलावर ठेवली. म्हणाली, "आत्या, मी फेकली न्हाईत. मॅडम फेकू नका म्हणल्या होत्या."

मी विचारलं, "अगं, बापूला का नाही सांगितलंस?"

"बापूनं त्याला खोलीत कोंडलं असतं. गोळ्या हिसकून घेतल्या असत्या. मग त्याला झटके आले असते, आत्या."

हे वाक्य तुला लिहावं की नको, याचा दोन दिवस विचार करून राहिले. तुला लागेल, पण तिनं म्हटलं ते तसंच तुझ्यापर्यंत आलं पाहिजे. कारण इथं दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "कुणी घरी बंद करायचा प्रयत्न केला का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं. ज्या प्रमाणात घेत होता, ते बघता घरी एकदम तोडलं असतं तर जिवावर बेतलं असतं." माझ्या डोळ्यांसमोर आपल्या घरची मागची खोली आली, तिची कडी आली.

पाकिटं बघून मी तर गळाठलेच होते. इतकी वर्षं मुलं शिकवली, पण त्या वेळी मला पाणी दिलं ते शिवांगीनं. "आत्या, महामाया मॅडम अजून गेल्या न्हाईत, बोलावू का?" हेही तिनंच विचारलं. नववीतली पोर रे ती.

दुसऱ्या दिवशी बाईंना सुट्टी होती. साधी साडी नेसून त्या माझ्याबरोबर लातूरला आल्या. वर्दीत का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोरगं आजारी हाय. आजाऱ्याला बघायला वर्दीत कोण जातं?" रामलिंगनं खोलीचं दार उघडलं, मला बघितलं आणि पहिलं काय केलं असेल? माझ्या मागं वाकून जिन्याकडे बघितलं. "आत्या, बापू आलेत का?"

"नाही रे. मीच आले."

तेवढं ऐकून तो उंबऱ्यातच बसला आणि रडायला लागला.

बाईंनी ओळख करून दिली ती शिवांगीच्या शाळेत शिकवते एवढीच. मग त्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. हळूहळू सगळं निघालं. पहिल्या वर्षी मार्क कमी पडल्यापासून झोप उडाली होती. खोलीतल्या कुणीतरी एक गोळी दिली. मग तिच्याशिवाय झोप येईना. मग एकीनं भागेना. "दुसऱ्यांदाबी नंबर न्हाई लागला तर बापूला तोंड कसं दाखवू," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघ, मी पोलीस हाय. लपवून ठेवायचं न्हाई म्हणून सांगते." तो मागं सरकला. "मला पकडणार?" तर हसल्या. "तुला कशाला? तू आपल्या पायानं दवाखान्यात चाललास. गोळ्या इकणाऱ्याचं मात्र सांगशील. बरा झाल्यावर सांग, घाई न्हाई." त्याची पिशवी त्यांनीच भरली.

पहिले काही दिवस वाईट गेले. घाम, थरथर, चिडचिड. मला नको नको ते बोलला. आता उतार आहे. परवा त्यानं दवाखान्यातल्या एकाच्या मोबाईलवरून तुला फोन केला आणि क्लास चालू आहे म्हणाला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्याला घाबरवून उपयोग नव्हता, डॉक्टरांनीही थोडं स्थिर होऊ द्या म्हटलं होतं. पण आता डॉक्टरच म्हणतात, आई-वडिलांना बोलवा. मलाही तुझ्यापासून हे आणखी लपवायचं नाही.

पंचायतीच्या वाट्याचं मी काही मागत नाही. ते दोन गावांनी केव्हाच निभावलं. फक्त उमाबाई त्या दिवशी बोलल्या नसत्या तर शिवांगी त्या तासाला मैदानात असती, आणि तिच्या हाती पाकिटं लागली असती तेव्हा तिनं काय केलं असतं, मला विचारही करवत नाही. एवढं मनात ठेव. कुणापुढं कबूल करायची गरज नाही.

तुम्हाला दोघांना इकडं आणायला दगडोबाला तिथंच थांबायला सांगितलंय. वहिनीला सगळं तूच सांग, पण जीपमध्ये बसल्यावर नको, घरात बसवून सांग. रामलिंगसमोर परीक्षेचं नाव काढू नकोस. आणि शिवांगी. ती समजून बसली आहे की हे कळल्यावर बापू तिच्याशी बोलणार नाही. रोज मला फोनवर तेच विचारते. दादा, माझ्याशी सहा महिने बोलला नाहीस, माझं चाललं. त्या पोरीशी एक दिवस सुद्धा अबोला धरू नकोस. तिनं भाऊ वाचवलाय. निघण्याआधी तिला जवळ घे. तुला शब्द सुचले नाहीत तरी चालेल.

आत्ताच रामलिंग जागा झाला. मी म्हटलं, "बापूला लिहून राहिले. काय लिहू तुझं?" तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "काही नको." मी लिहीत राहिले. जरा वेळानं आपणहून कूस बदलून म्हणाला, "आज अख्खी भाकर खाल्ली म्हणून लिही. आन् ये म्हणावं."

तर आज त्यानं अख्खी भाकर खाल्ली. आणि ये म्हणतोय.

दवाखान्याच्या दाराशी उभी राहून जीपकडे डोळे लावलेली,
तुझी वर्षा