धाकटीचं निळं टेबल

३ जून
घरातली पहिली पदवी माझी. दुसरी धाकटीची होणार. ती नापास झाली ती निव्वळ टेबलामुळे. असल्या काळ्या, चिकट टेबलावर कुणाचं लक्ष लागेल? पुन्हा प्रवेश घ्यायला १४ तारखेपर्यंत मुदत आहे. तोवर टेबल निळं करणार. रंग घरीच: फाडलेलं दूध, चुना, नीळ. कृती वहीत दोनदा उतरवली.

४ जून, सकाळी
दोन लिटर दूध फाडलं. आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी दूध नासवायला शिकलीस होय? चहापुरतं तरी ठेवायचंस! दुर्लक्ष केलं.

५ जून
शेजारच्या सुतारकाकांनी टेबल नखाने खरवडून पाहिलं. म्हणाले, पोरी, आधी जुनं पॉलिश घासून काढ, नाहीतर रंग धरायचा नाही. काका जुन्या वळणाचे. कृतीत ‘स्वच्छ करावे’ एवढंच आहे. ओल्या फडक्याने तीनदा पुसलं.

७ जून
पहिला हात. सुरेख! धाकटी नाक दाबून म्हणाली, ताई, तुझ्या टेबलाला आंबट ढेकरा येतायत. म्हणजे तिला रस वाटू लागलाय. प्रवेशाचा फॉर्म तिच्या उशीखाली ठेवला.

९ जून
पोपडे. हवाच दमट आहे. दुसरा हात जाड दिला. फॉर्म कोराच. विचार करत असेल.

११ जून
धाकटीला परगावी पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी लागली. राहायची सोय आहे म्हणे. १५ला निघणार. तात्पुरतं असेल. तिसरा हात.

१३ जून
सगळा रंग पापुद्र्यासारखा सुटला. चुन्याने डोळे फार चुरचुरतात. धाकटी सुरी घेऊन शेजारी बसली आणि खरवडू लागली. म्हणाली, ताई, नापास मी झाले होते गं, टेबल नाही. मला नाही शिकायचं. दोन वर्षं सांगतेय. मी म्हटलं, नुसती सही कर. ती म्हणाली, सहीही तूच कर आणि परीक्षाही तूच दे.
रात्रीपर्यंत दोघींनी मिळून लाकूड घासलं. फॉर्मचा विषय मी फक्त चारदा काढला.

१५ जून
काल मुदत संपली. आज सकाळच्या गाडीने ती गेली.
कालचा हात मात्र पक्का बसलाय. नखाने खरवडून पाहिलं, निघत नाही. आईला विचारलं, आता यावर बसणार कोण? ती म्हणाली, तू बस की.
बसले. माझी एकही परीक्षा उरलेली नाही.