शनिवार-रविवारचे चार अंश

प्रिय दादा,

फोन तू उचलणार नाहीस, म्हणून लिहितेय. पाकिटावरचं अक्षर ओळखून वहिनीने हे फाडलं नाही, तर तुझ्या हाती पडेल. आई बरी आहे. तू का येत नाहीस हे विचारणं तिने सोडलंय. जेवताना मधेच दाराकडे बघते आणि मी माझ्या ताटात डोकं खुपसते.

दादा, तो शुक्रवार डोक्यातून जात नाही. दवाखान्याचे सहा आणि वृद्धाश्रमातले बावीस नमुने घेऊन तू चार वाजता प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी आलास. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. व्हॅनचा एसी बंद पडला होता, म्हणून बर्फाची पेटी तू मागे न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवली होतीस, वर तुझाच ओला टॉवेल. "बर्फ शाबूत आहे, बघून घे बारकी," म्हणालास. मी बघितलं नाही. मला घरी जायची घाई होती. दवाखान्याचे नमुने तातडीचे म्हणून आत दिले, बाकीच्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तुझ्या कागदावर सही ठोकली आणि निघाले.

सोमवारी त्या बावीस नळ्या तपासल्या. बावीसच्या बावीस निगेटिव्ह. वृद्धाश्रमात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खोल्यांची बंद दारं उघडली, मंडळी पुन्हा एका टेबलाशी जेवायला बसली. दहा दिवसांत नऊ जण तापाने आडवे झाले. आणि त्या निवृत्त शिक्षिका, ज्या खिडकीतून तुला "गाडी हळू चालव रे" म्हणून दटावायच्या, त्या गेल्या.

नमुना गारच राहिला पाहिजे, हे तुला मी शिकवलं होतं. तो तापला की नळीतला विषाणू विरून जातो, यंत्राला काही सापडत नाही आणि आजारी माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. मग या नळ्या तापल्या कुठे? सगळ्यांची बोटं तुझ्या व्हॅनकडे वळली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. पेटी आली तेव्हा गार होती का? मी म्हटलं, आठवत नाही. "आठवत नाही असं लिहून चालत नाही. गार की कोमट?" मी 'कोमट' लिहिलं. त्या एका शब्दावर तुझी नोकरी गेली. तू ओरडला नाहीस. "हात तरी लावला होतास का गं पेटीला?" एवढंच विचारलंस आणि जिना उतरून गेलास.

गेल्या मंगळवारी फ्रिज दुरुस्त करणारा आला. आत तापमान टिपणारी एक छोटी डबी असते. ती त्याने संगणकाला जोडली, जुन्या नोंदी चाळल्या आणि विचारलं, "मॅडम, इथे वीज गेली होती का?" त्या शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत फ्रिज बंद होता. आतलं तापमान सत्तावीस अंशांवर गेलं होतं. जनरेटरची वायर मोठ्या फ्रीझरला जाते, या फ्रिजला जातच नाही. मी धावत जाऊन दवाखान्याच्या सहा नमुन्यांची वही काढली. ते शुक्रवारीच तपासले होते. त्यातले चार पॉझिटिव्ह, अगदी ठसठशीत. पेटी तीच होती, दादा. तुझा बर्फ शाबूतच होता.

फ्रिजवर ढकलून मी मोकळी झाले असते. पण भिंतीवरच्या तक्त्यात त्या शनिवार-रविवारपुढे 'चार अंश' लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. दोन्ही दिवस येऊन तापमान बघायची पाळी माझी होती. मी आलेच नाही. सोमवारी सकाळी फ्रिज गार लागला, म्हणून दोन्ही रकाने भरून टाकले, दर वेळी भरायचे तसेच. एकदा जरी येऊन बघितलं असतं, तर ते नमुने बाद करून पुन्हा मागवले असते.

काल हे सगळं लिहून दिलं. गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे. तुलाही बोलावणं येईल. त्या कागदात वीज, फ्रिज, तक्ता सगळं असेल. एक गोष्ट नसेल, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. 'कोमट' लिहिताना मला तुझी पेटी आठवतच नव्हती. मला ते दोन रकाने आठवत होते. तिथे कुणी बघू नये, म्हणून मी तुझ्याकडे बोट दाखवलं. माफ कर म्हणायला जीभ उचलत नाही. तू आला नाहीस तरी मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. पण आलास, तर माझ्याजवळ बसू नकोस. त्या शिक्षिकाबाईंचा मुलगा येणार आहे, त्याच्या शेजारी बस. त्याला अजून वाटतंय, त्याची आई तुझ्यामुळे गेली.

तू मानशील तर तुझीच,
बारकी