इस्त्री आज घरीच राहू दे

अहो,

मी दुकान उघडायला जातेय. तुमचा डबा भरलाय. इस्त्री बंद केली की नाही, ते मात्र लिहिणार नाही. डॉक्टरीणबाई तुमच्यासमोरच म्हणाल्या ना, मी ‘हो, बंद आहे’ म्हटलं की तुमची भीती घटकाभर निजते आणि दुप्पट जोरानं उठते. निघताना एकदाच बघा, कुलूप लावा आणि चालू लागा. छाती धडधडेल. धडधडू दे, आपोआप ओसरते. हाच तर उपचार आहे. फोन केलात तर धीर देईन, उत्तर देणार नाही.

आणि इस्त्री कालसारखी डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात नेऊ नका. त्यावरून मी नको ते बोलले, ते मनावर घेऊ नका.

‘बंद आहे’ लिहायला माझाही हात शिवशिवतोय. दोघंही सोसू.