राजनंदिनीच्या नावाची नळी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पाटोदा

पोचले एकदाची. लातूरची एसटी मांजरसुंब्याला बदलली, तिथून पाटोद्यापर्यंत एका आजोबांच्या शेजारी बसून आले. ते कपिलधारचं दर्शन करून निघाले होते. त्यांनी पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा मला निम्म्या दिल्या आणि इथलं हवापाणी लई चांगलं हाय, असं तीनदा सांगितलं. खोली उज्ज्वलाताईंच्या घरी, माडीवर. खिडकीतून तुरीचं रान आणि त्यामागे डोंगराची कड दिसते. आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नकोस, तुझी सुकन्या सुखात आहे.

उज्ज्वलाताई जवळच्याच पिंपरखोरी गावच्या आशा कार्यकर्त्या. त्याच माझ्यासोबत घरोघर फिरणार. पुण्याची एक प्रयोगशाळा लहान बाळांच्या खोकल्याचा अभ्यास करतेय, तिची मी इथली नर्स. आरएसव्ही आणि एचएमपीव्ही या दोन विषाणूंची तुलना. दोघे एकाच कुळातले. सर्दी, खोकला, छातीत घरघर, सगळं सारखंच. नुसतं बाळाकडे बघून कुठला कोणता ते सांगता येत नाही. मी हे समजावलं, तर उज्ज्वलाताई म्हणाल्या, म्हणजे थोरला आन् धाकटा. मला ते फार आवडलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली फेरी. दर गुरुवारी खोकणाऱ्या बाळांची यादी घेऊन निघायचं, झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, नाकातून कापसाची काडी फिरवून नळीत टाकायची, नळ्या बर्फाच्या निळ्या पेटीत. तीनच्या गाडीने पेटी बीडला जाते, तिथून पुण्याला. सोमवारी अहवाल येतो. दोन महिन्यांच्या वरच्या तान्ह्याचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त भरले, किंवा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, की त्याला लगेच बीडला पाठवायचं. औषध दोघांवरही नाही. वेळेवर ऑक्सिजन मिळाला तर बाळ तरून जातं.

आज सात बाळं झाली. एका घरात दूध, एका घरात पोहे. प्रकल्पाचे डॉ. विजयसिंह फोनवर म्हणाले, अशीच नीट कामं करा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा नमुने. थोरल्याची, म्हणजे आरएसव्हीची, चार बाळं निघाली होती, चारही वेळेवर बीडला गेली आणि बरी होऊन परतली. डॉक्टर म्हणतात, थोरला आधी येतो आणि अगदी तान्ह्यांना धरतो. धाकटा महिन्या-दोन महिन्यांनी मागून येतो. एकाच बाळाला आधी एक, मग दुसरा, असं दाखवणारे लागोपाठचे नमुने मिळाले तर अभ्यासाचं सोनं होईल म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज उज्ज्वलाताई प्रशिक्षणाला बीडला, मी एकटीच. यादीत दोन नावं. गावात सोमनाथचा मुलगा हरिओम, आणि वर माळावर, मेंढपाळांच्या वस्तीवर, आप्पारावांची नात राजनंदिनी, चार महिन्यांची. हरिओमचं काम साडेबाराला आटपलं. वस्ती तिथून अडीच किलोमीटर, सगळा चढ. नव्या चपलेने टाच सोलली होती, ऊन होतं, गाडी तीनची.

मी हरिओमच्या दुसऱ्या नाकपुडीतून आणखी एक काडी फिरवली आणि त्या नळीवर राजनंदिनीचं नाव लिहिलं. फॉर्मवर श्वासांच्या रकान्यात बेचाळीस लिहिलं.

एकाच गावचं वारं. दोघांनाही तोच खोकला असणार. पुढच्या गुरुवारी वस्तीवर आधी जाईन.

१ डिसेंबर, सोमवार

दोन्ही निगेटिव्ह. नियमाप्रमाणे राजनंदिनीच्या आईला, मनकर्णाला, फोन केला. तिने विचारलं, "सिस्टर, तुमी कवा येऊन गेलता?" मी सांगितलं, तुम्ही मेंढरांकडे गेला होता, बाळ झोळीत होतं.  ती म्हणाली, "लई धापा टाकतीय वो. बीडला न्यावं का?"

अहवाल चांगला आहे म्हटलं. अंगावर पाजत राहा, ऊब द्या.

नेऊ नका असं मी म्हणाले नाही. मघापासून तेच आठवतेय, की मी तसं म्हणाले नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवारी मी वस्तीवर आधी जाणार होते. सकाळी गावातच चार बाळं निघाली, आणि राहिलं.

काल दुपारी राजनंदिनी गेली. जीपमध्ये, मांजरसुंब्याच्या अलीकडे. उज्ज्वलाताई आज भाकरी थापताना सांगत होत्या. मनकर्णा मंगळवारीच बीडला निघाली होती, पण आप्पाराव म्हणाले, सिस्टरनं तपासलंय, कावून घाई करायची. ताई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आलता म्हणून थांबले वो ते."

मी भाकरी खाल्ली. खाता आली, याचीच जास्त लाज वाटते.

पुण्याला कळवलं नाही. त्यांच्या लेखी ती निगेटिव्ह, तिची फाइल बंद.

१५ डिसेंबर, सोमवार

गुरुवारी नऊ नळ्या पाठवल्या. अहवालात दहा नावं. दहावं — राजनंदिनी. वस्ती, पिंपरखोरी. आरएसव्ही पॉझिटिव्ह.

वाटलं, पुण्याला जुनी नळी सापडली असेल. फोन केला. तिथल्या मुलीने लेबल वाचून दाखवलं : अकरा डिसेंबर. आणि लेबलाचा फोटो पाठवला. अक्षर माझं आहे. माझा 'ज' असाच, शेपूट खाली ओढलेला.

श्वास : बेचाळीस.

२२ डिसेंबर, सोमवार

या वेळी पेटीत नळ्या उज्ज्वलाताईंसमोर ठेवल्या, मोठ्याने मोजून. आठ. चिकटपट्टी मीच लावली. अहवालात नऊ, नववी राजनंदिनी, पुन्हा आरएसव्ही. वयाचा रकाना पाहिला — ती असती तर आज जेवढ्या महिन्यांची असती, तेवढंच वय. श्वास बेचाळीस.

ताईंनी विचारलं, चेहरा असा का उतरलाय. घरची आठवण येते म्हटलं. त्यांनी डोक्याला तेल लावून दिलं. मान खाली घालून बसून राहिले. सांगायची हीच वेळ होती.

२९ डिसेंबर, सोमवार

आता एचएमपीव्ही. थोरला गेला, धाकटा आला.

डॉ. विजयसिंहांनी स्वतः फोन केला, फार आनंदात. निगेटिव्ह, मग थोरला, मग धाकटा, सगळं एकाच बाळात, महिनाभरात. असं आजवर हाती लागलं नव्हतं म्हणाले. इतक्या उंचावरच्या वस्तीवर दर गुरुवारी जाता, तुमचं नाव अहवालात घालतो. मग विचारलं, बाळ कसं आहे, बीडला पाठवलं ना?

मी हो म्हणाले.

ते मेलेलं आहे, हे सांगितलं तर पहिल्या नळीचंही सांगावं लागेल.

५ जानेवारी २०२६, सोमवार

मागच्या गुरुवारी फेरीच केली नाही. तापाचं कारण सांगून दार लावून खोलीत पडून राहिले. पेटी खाटेखाली, रिकामी.

आज अहवाल आला. एकच नाव. दोन्ही पॉझिटिव्ह.

खाटेखाली हात घातला — पेटीला ओल. बर्फाची.

८ जानेवारी, गुरुवार. वस्ती

सकाळी एकटीच निघाले. पेटी आणली नाही. ठरवलं, मनकर्णाच्या पायाशी बसून सगळं सांगायचं, मग पुण्याला फोन करायचा. चढ तेवढा अवघड नाही. चाळीस मिनिटं लागली. फक्त चाळीस मिनिटं.

वस्तीवर मनकर्णा आणि आप्पाराव दोघंच. मेंढरं लांब माळावर गेलेली. लिंबाच्या फांदीला झोळी अजून बांधलेली.

मनकर्णाने ओळख विचारली नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, आज लवकर आलात. मी कळलं नाही म्हटल्यावर —

"दर बेस्तरवारी येता की तुमी. ती गेली त्याच्या पुढल्या बेस्तरवारपासनं. मला ठावं हाय ती न्हाई. पण तुमी झोळीत वाकता, मिनिटभर मोजता, काडी घालता. म्हणून म्या झोळी सोडली न्हाई. काय बघता, ते इचारायचं धाडस झालं न्हाई."

मी सांगितलं. सगळं. हरिओमच्या दोन काड्या, टाच, तीनची गाडी, बेचाळीस. त्या दिवशी मी आलेच नव्हते, कधीच आले नव्हते, आज पहिल्यांदा येतेय.

आप्पारावांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठून कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

मनकर्णा रडली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग इतकं दिस कोण येतंय?"

पुण्याला फोन लावून पाहिला. फोनला रेंज नाही. म्हणून वही काढली, की निदान इथं लिहून तिच्या हातात द्यावं, सही करून, म्हणजे मला खाली जाऊन पुन्हा —

आप्पाराव म्हणतायत, आली.

पायवाटेवर कोणीतरी आहे. भर दुपार, सगळं स्वच्छ दिसतं. हातात निळी पेटी. लंगडत नाही. घाईत नाही.

माझीच साडी. माझा चेहरा, पण शांत. असा माझा कधी —

मनकर्णाने माझा दंड धरलाय. ती बाई कुंपणातून आत आली, आमच्याकडे बघितलं नाही. झोळीशी गेली. वाकली. घड्याळ बघतेय. ओठ हलतायत. मोजतेय.

झोळीला वजन आलंय. दोरी ताणली.

श्वास ऐकू येतो. फार जोरात — बेचाळीस नाही, कितीतरी जास्त —

तिने मान वर केली. मला हाताने बोलावतेय. काडी घालताना बाळाचं डोकं धरायला.

मनकर्णा म्हणते, जावा. ह्या खेपेला तरी जावा.

वही हिच्याकडे देते. सही राहिली. जाते, आणि बाळाला —