सिल्वरोस ही गायच होती

ऑस्लो, १४ ऑक्टोबर १९५८

तीर्थस्वरूप गुन्वोरताई,
हाल्डोरचा आदरपूर्वक नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. आपण दिलेले बकरीचे चीज अजून पुरते आहे. आपला गुडघा कसा आहे?

पत्र मिळताच पाथरवटाला थांबवावे. तुरिदच्या थडग्यावर गुलाब कोरू नये.

मी अत्यंत संतापलो आहे. तिच्या आवडत्या गीताचा मूळ कागद आज संग्रहालयात पाहिला. "माझी सिल्वरोस हरवली" म्हणजे प्रियकराने दिलेला रुपेरी गुलाब हरवला, असे छापील पुस्तक सांगते, आणि सारा देश ते विरहगीत म्हणून गातो. परंतु आपल्या पणजीकडून ते उतरवून घेणाऱ्या गृहस्थांनी समासात स्वच्छ लिहिले आहे: 'गायीचे नाव'. छापताना तेवढेच वगळले!

मी तेथील अधिकाऱ्यांना जाब विचारला. ते हसून म्हणाले, "अहो मास्तर, गाईसाठी कोण रडतं? लोकांना गुलाब आवडतो, राहू द्या की!"

"एकच दुभती गाय असती, तर तुम्हीही रडला असता," मी ओरडलो. वाक्य तुरिदचे होते. ती हेच सांगत असे, आणि मी पाहुण्यांदेखत तिला म्हणालो होतो, "पुस्तकात काय छापलंय ते वाच आधी." त्यानंतर माझ्यासमोर ती ते कधीच गायली नाही.

तो गुलाबही मीच सांगितला होता. दोष माझ्यावर ठेवून पाथरवटाला हवे ते सांगावे, आणि गाय कोरता येते का, एवढे विचारावे.

आपल्या धाकट्या बहिणीचा, तुरिदचा नवरा,
हाल्डोर